पाच बिटांत मावलेली कुळं

हुकुमचंदाला मी साठ वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान चाळीस वर्षं मी त्याच्यावर चिडलेला आहे. मुर्री गावात आमची घरं समोरासमोर. एकाच शाळेत शिकलो, एकाच बोडीत पोहलो. मी पुढे प्राथमिक शाळेत मास्तर झालो आणि तो गणितात बीएस्सी करून गोंदियात कॉम्प्युटर शिकवायला लागला. रेल्वेच्या पुलापलीकडे एका किराणा दुकानाच्या माडीवर त्याचा क्लास होता. सहा मशीन, त्यातली चार चालू. पोरं टायपिंग शिकायला यायची, हा त्यांना बिट आणि बाइट शिकवायचा. पोरं पळून जायची. मी म्हणायचो, अरे, गिऱ्हाईक मागते ते दे ना. तो नुसता हसायचा आणि आपलंच करायचा.

त्याचं आपलंच म्हणजे वही. तिच्यामुळे त्याचं नाव झालं, आणि तिच्यामुळेच आज त्याच्या घरात चूल पेटवायला माणूस नाही. कोणी म्हणेल मास्तर वाढवून सांगतात. सांगणारे सांगोत, मी समोरच्या घरात राहतो.

आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून इकडे आले, इथे तळी बांधली, धान पेरलं, हे आमच्या घरोघर सांगतात. सोयरीक म्हटली की पहिला प्रश्न कुळाचा, दुसरा मामाच्या कुळाचा, आणि या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय चहा पुढे सरकत नाही. पूर्वी ही माहिती चोपड्यांत असे. चोपड्या वाळवीने खाल्ल्या, म्हातारे गेले, आणि दोन हजार एक सालच्या सुमारास हुकुमचंदाच्या डोक्यात आलं की सगळ्या गावांची वंशावळ आपण कॉम्प्युटरमध्ये घालू. तिलाच तो वही म्हणायचा.

त्याचं मशीन जुनं, डिस्क एवढीशी. बाजारात मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये एका माणसाच्या नोंदीला भरमसाट जागा लागायची. याला तर सगळी जात एका फ्लॉपीत हवी होती, कारण गावोगाव न्यायची तर शर्टाच्या खिशात मावली पाहिजे. म्हणून त्याने स्वतःचाच साचा बनवायचं ठरवलं. बाजारातला कोणताही प्रोग्राम उघडू शकणार नाही, फक्त याने लिहिलेलाच उघडेल, अशी फाइल. अक्षरं नाहीत, नुसते शून्य आणि एक.

मला ते समजावताना त्याने ओसरीवर पाच वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटीत धानाचा एक दाणा असेल किंवा नसेल, तिसरं काही नाही. वाटी म्हणजे बिट. पाच वाट्यांच्या अशा मांडण्या किती होतात, तर बत्तीस.

"शून्यापासून एकतीसपर्यंत," तो म्हणाला. "अन् आपली कुळं एकतीस. शून्य उरला, तो 'माहीत नाही'साठी. पाह्य गा टेकचंद, एक जागा वाया नाही!"

आता आमच्यात कुळं तीस की एकतीस, यावर म्हातारे हातघाईवर येत. हुकुमचंदाने तो वाद असा मिटवला की एकतीस धरले तर जागा गच्च भरते. त्याला रिकामी जागा सहन होत नसे.

त्या दिवशी मला एक प्रश्न पडायला हवा होता, की बत्तिसावा आला तर काय करशील? मी मास्तर, पोरांना असलेच प्रश्न विचारून छळायचो. पण मला तो पडला नाही. माझ्याही डोक्यात बत्तिसावा येणारच नव्हता. मुंबई-पुण्याकडच्या कुठल्याही प्रोग्रामरने तिथे दोन-चार वाट्या जास्तीच्या ठेवल्या असत्या. आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या आणि चहा मागवला.

एका माणसाला बारा बाइट. त्यात नावाचा नंबर, बाई की पुरुष, गावाचा नंबर, कूळ, मामाचं कूळ, जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि बाप, माय, जोडीदार यांचे नंबर. गणिताच्या चौकटीच्या वहीत त्याने रंगीत पेन्सिलींनी हे सगळं आखलं होतं. शेवटच्या चौकटीपर्यंत रंग भरलेला. तो कागद त्याने क्लासच्या भिंतीवर लावला, देवाच्या फोटोशेजारी.

मग तो लुनावर गावं फिरला. मागे त्याची बायको, धनवंतावहिनी. लोक त्याची वाहवा करतात, पण अर्धी वही तिची आहे हे कोणी म्हणत नाही, म्हणून मी म्हणतो. पुरुषांना पणजोबाचं नाव पाठ, पणजीचं विचारलं की आढ्याकडे बघायचे. वहिनी आत स्वयंपाकघरात जायची, भाजी निवडायला बसायची आणि तासाभराने सात बायकांची माहेरं घेऊन बाहेर यायची. तिने लिहून आणायचं, मी वाचून दाखवायचं आणि हुकुमचंदाने टाकायचं, अशी आमची रीत होती. बिरसीपासून बालाघाटच्या अलीकडच्या गावांपर्यंत, चारशे बारा गावं. पुढे वाढत वाढत साठ हजारांवर माणसं.

दोन हजार सहा साली समाजाच्या मेळाव्यात त्याला स्टेजवर बोलावलं. एका म्हाताऱ्याने आपलं नाव सांगितलं, याने चार कळा दाबल्या आणि पडद्यावर सात पिढ्या उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. शाल, श्रीफळ, टाळ्या. हुकुमचंदाचे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत. त्याने माईक हातात घेतला आणि सांगून टाकलं, "ही वही कधी बदलणार नाही. आज जशी उघडून राहिली, तशीच पन्नास वर्षांनं उघडन." कोणी मागितलं नव्हतं हे वचन. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होतो.

ओमेश्वरी ही त्याची एकुलती एक लेक. बापासारखीच, मनात एक गोष्ट बसली की बसली. गोंदियाच्या कॉलेजात तिची इंद्रकुमारशी ओळख झाली. सडक अर्जुनीला हायवेवर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तो भरून देतो. शांत मुलगा, कामाला चोख. पोवार नाही. दोन हजार सतरात दोघांनी कोर्टात लग्न केलं.

हुकुमचंदाने आरडाओरडा केला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. दार लावून घेतलं नाही, दोर तोडले नाहीत. तो कोर्टात गेला नाही, एवढंच. आल्या-गेल्याशी त्यावर चकार शब्द बोलला नाही. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! मीही म्हणालो. मन मोठं होतं की तोंड बंद होतं, याचा विचार आम्ही कोणी केला नाही.

पुढच्या वर्षी मुलगा झाला. घरात त्याला मोनू म्हणू लागले. तीन महिन्यांचा असताना ओमेश्वरी त्याला घेऊन मुर्रीला आली. इंद्रकुमार दुकानामुळे आला नव्हता. हुकुमचंदाने नातवाला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या मिनिटाला कॉम्प्युटर सुरू केला. त्याचं प्रेम तिथूनच बाहेर यायचं, त्याला दुसरी वाट नव्हती. मोनूची नोंद त्याने रात्रीच करून ठेवली होती. लेकीला खुश करायचं होतं.

पडद्यावर आलं: बाप इंद्रकुमार. कूळ, माहीत नाही. खाली मोनू. कूळ, माहीत नाही.

ओमेश्वरीने ते वाचलं. मी तिथेच बसलो होतो. तिने परत वाचलं.

"बाबा, माहीत नाही म्हंजे का?"

"तसं नाही ना वो. वहीत एकतीसच आहेत. त्याच्या पुढे मशीन घेतच नाही. शून्यच टाका लागते."

"रस्त्यावर सापडलं का हे लेकरू? माहीत नाही लिवाले?"

"अवो, ते कोड आहे."

"माह्या नवऱ्याले घर आहे, मायबाप आहेत. अन् तुमच्या मशीनले माहीत नाही." तिने मोनूला त्याच्या मांडीवरून उचललं. "हे मिटवा, बाबा. हे मिटल्याशिवाय मी या घरात पाणी नाही प्यायची."

धनवंतावहिनी पदराला हात पुसत बाहेर आली तोवर ती फाटकापर्यंत पोचली होती. वहिनी मागे धावली. हुकुमचंद खुर्चीतून उठला नाही. तो पडद्याकडे बघत होता आणि मला ठाऊक होतं तो काय करतोय. तो वाट्या मोजत होता.

त्या दिवसापासून त्याला एकच हवं होतं, लेक आणि नातू घरी यावेत. आणि त्याच्या हिशेबाने त्याला फक्त एक वाटी कमी पडत होती. पाचाच्या सहा वाट्या केल्या की बत्तीसच्या चौसष्ट जागा होतात. कुळाला एक बिट, मामाच्या कुळाला एक. दोन बिट. दोन बिटांसाठी साडेपाच वर्षं गेली.

मी त्याला पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "बाराच्या जागी तेरा बाइट घे ना लेका! आता कुठं राहिली फ्लॉपी? तुझ्या मोबाइलात अशा लाख वह्या मावतीन."

"बारा म्हंजे बारा."

"काऊन?"

"मी सबन गावांत वाटून राहिलो ना ते. सीडी दिल्या लोकाइले. ते प्रोग्राम बाराच वाचतात."

"अन् तू आतल्या चौकटी हलवल्या तरी ते प्रोग्राम बिघडतीनच ना?"

तो उठून आत गेला. माझं म्हणणं त्याला पटलं होतं हे मला कळलं, आणि तो ते ऐकणार नाही हेही कळलं. भिंतीवरच्या त्या कागदात एकही चौकट वाढवणं म्हणजे आपलं चुकलं असं म्हणणं होतं. आतल्या आत सरकवून जागा केली, तर चुकलं म्हणावं लागत नव्हतं.

एक बिट त्याला गावाच्या नंबरात मिळाला. तिथे हजार गावांची सोय होती आणि गावं चारशे बारा. दुसरा त्याने बाई की पुरुष या चौकटीतून काढला आणि ते नावाच्या यादीत नेलं. त्यासाठी दीड वर्ष गेलं, कारण टिंकू, मोनू, रिंकी अशा नावांची माणसं एकेक करून पाहावी लागली, टिंकू कोणती बाई आणि कोणता बाप्या. मी वाचायचो, तो टाकायचा. क्लास तर टाळेबंदीच्या साली बंदच पडला होता.

धनवंतावहिनी पहिल्यापासून एकच म्हणत होती, "जाऊन येऊ ना जी सडक अर्जुनीले. बसनं दीड-दोन घंटे."

"रिकाम्या हातानं कसा जाऊ? नोंद झाली का प्रिंट घेऊन जाऊ. मंग ती काही म्हणू शकन का?"

"तिले प्रिंट पायजे का बाप?"

तो ऐकून न ऐकल्यासारखा करायचा. ती एकटी जाऊ शकत नव्हती अशातला भाग नाही. दोनदा पिशवी भरून तयार झाली होती. पण व्याह्याच्या दारात पहिल्यांदा जायचं तर जोडीने जावं, बाई एकटी गेली तर लोक म्हणतात बापाने टाकली. आपल्यामुळे लेकीला असं ऐकावं लागू नये म्हणून ती थांबली. रोज दुपारी मागच्या अंगणात खाटेवर बसून ती ओमेश्वरीशी फोनवर बोलायची. आमच्या ओसरीवरून तिचा आवाज ऐकू यायचा. काय बोलायच्या ते कळायचं नाही.

दोन हजार एकवीसमध्ये त्याने पहिल्यांदा पूर्ण फाइल नव्या साच्यात फिरवली, आणि इथे त्याच्या हातून ते घडलं. प्रोग्राममध्ये एके ठिकाणी गावाची दहा बिटं तशीच राहिली, नऊ करायची सुटली. तिथून पुढे सगळं एकेक घर सरकलं. सख्ख्या भावांची कुळं वेगळी झाली, बिरसीचं अर्धं गाव भलत्याच गावात गेलं, जन्माच्या आधी माणसं मेली. आणि या शहाण्याने नवी फाइल जुन्या फाइलवरच लिहिली होती. जागा वाचवायची सवय. मागच्या प्रतींपैकी धड उघडली ती दोन हजार अकराची. त्यानंतरची एकोणीस हजार माणसं पुन्हा कागदावरून टाकायची होती.

तो दिवसभर जेवला नाही. मीही त्याला बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे किती वाईट दिवस असेल ते समजा. आमच्या दोघांची वयं साठीच्या पुढे गेलेली. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. कागदांवर वहिनीचं बारीक अक्षर. सकाळी नऊला बसायचं, चारला उठायचं. दोन वर्षं आम्ही हे केलं.

त्यातच ते शून्याचं प्रकरण निघालं. नव्या साच्यात शून्यं कमी करावीत म्हणून त्याने सगळ्या 'माहीत नाही'ची यादी काढली. एक हजार नऊशे त्रेचाळीस. जवळजवळ सगळ्या बायका. कोणाची आजी, कोणाची पणजी. नवऱ्याचं सगळं ठाऊक, हिचं कूळ माहीत नाही. त्यात हुकुमचंदाची सख्खी आजीही होती. तिचं कूळ त्याच्या वडिलांनीच 'माहीत नाही' म्हणून सांगितलं होतं.

"आजीचं कूळ बाबाले माहीत नव्हतं? रोज तिच्या हातचं जेवत होते ते," हुकुमचंद म्हणाला.

बिरसीकडे त्याच्या नात्यातली एक नव्वदीची म्हातारी अजून होती. आम्ही तिच्याकडे गेलो. बराच वेळ ती हुकुमचंदाचा हात धरून बसली. मग आमच्या पोवारी बोलीत म्हणाली की माहीत सगळ्यांना होतं, बेटा, सांगायचं नव्हतं. तुझी आजी आपल्यातली नव्हती. कुठली होती, विचारलं, तर तिने मान हलवली. ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं.

परत येताना तो लुना थांबवून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, आता त्या एकोणीसशे त्रेचाळीसमधल्या खरंच माहीत नसलेल्या किती आणि दडवलेल्या किती, हे कसं वेगळं काढायचं? मी म्हटलं, निघत नाही. दोन्हीकडे शून्यच आहे आणि सांगणारे सगळे जाळून झाले. एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडला. मला वाटलं, आता हा घरी न जाता इथूनच सडक अर्जुनीची बस धरील. मी तसं बोललोही. तो म्हणाला, "होऊन राहिलं आता. थोडंच उरलं."

थोडंच उरलं, हे तो पुढे वर्षभर म्हणत राहिला.

तेविसाच्या दिवाळीआधी वही झाली. खरंच झाली. चौसष्ट जागा, एकसष्ट हजार माणसं, बारा बाइट. बत्तीस नंबरपुढे काय नाव द्यायचं, हे त्याने मला विचारलं. मी चष्मा पुसत होतो. म्हटलं, "इतर लिव." शाळेच्या हजेरीपटात तसाच रकाना असतो. त्याने 'इतर' लिहिलं. दोघांनाही ते छान वाटलं, 'माहीत नाही'पेक्षा किती तरी बरं. त्याने इंद्रकुमार आणि मोनूच्या नोंदी बदलल्या.

वहिनी म्हणाली, "झालं ना? चला मंग." तो म्हणाला, एकदा सगळं तपासून घेतो, मागल्यासारखं नको. गावची दिवाळीनंतरची जत्रा, मंडई, झाली की जाऊ. मंडई झाली. पाहुणे आले, रात्री दंडारीचं नाटक झालं, पाहुणे गेले. मग धान कापणीला आलं. मग मळणी. वहिनीने मोनूसाठी स्वेटर विणायला घेतला होता, तोही झाला. तो पाच वर्षांचा झाला होता आणि तिने त्याला तीन महिन्यांचा पाहिला होता. माप फोनवर विचारून घेतलं होतं.

पौषात एका सकाळी वहिनी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. हुकुमचंदाने हाक मारली म्हणून मी धावलो. गोंदियाला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

ओमेश्वरी त्या दिवशी आली, रडली, पण घरात पाणी प्यायली नाही. नदीवरून परस्पर परत गेली. तेरवीला मात्र तिघंही आली. मोनूला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगात वहिनीने विणलेला स्वेटर होता, ओमेश्वरीने त्या दिवशी नेलेला, बाह्या थोड्या लांब. जेवणाच्या पंगतीत इंद्रकुमार वाढत होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पंगती उठल्यावर हुकुमचंदाने तिघांना आतल्या खोलीत बोलावलं. मलाही.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. तेरा दिवसांत तो फार म्हातारा दिसायला लागला होता.

"पाह्य, बाई," तो म्हणाला. "मिटवलं. साडेपाच वर्षं लागली. तुह्या मायले दाखवाचं होतं."

ओमेश्वरी वाकली. इंद्रकुमार. कूळ, इतर. मोनू. कूळ, इतर. तिने पाहिलं आणि आणखी खाली वाकली. मला वाटलं, रडू येतंय.

"किती जागा झाल्या, बाबा?"

"बत्तीस नव्या."

"भरल्या किती?"

"एक."

"हे जे बाजूले उभे आहेत, यायचं कूळ कोणतं?"

हुकुमचंदाने माझ्याकडे पाहिलं.

"सात वर्षं झाली लग्नाले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी मशीन फोडली, जोडली, सबन केलं. एक डाव फोन करून यायले विचारलं का, का तुमचं कूळ कोणतं म्हणून? यायच्यातही कुळं आहेत, बाबा. देव आहेत. मामाचं कूळ यायच्याकडंही पाहतात."

"जाऊ दे ना," इंद्रकुमार म्हणाला.

"आईले माहीत होतं. यायचं, सासूबाईचं, सासूबाईच्या मायचं. सबन विचारून घेतलं होतं तिनं फोनवर. मी म्हटलं, सांगून दे ना बाबाले. तर म्हणे, मी कायले सांगू? त्यायनं विचारलं पायजे. विचारतीन म्हणे एक दिवस."

खोलीत पंखा बंद होता. बाहेर भांडी घासण्याचा आवाज येत होता. हुकुमचंदाने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "सांगा जी जावईबापू. टाकतो."

इंद्रकुमार काही बोलणार होता. ओमेश्वरीने त्याच्या दंडाला हात लावला.

"नको," ती म्हणाली. "हे तुमी वहीसाठी विचारून राहिले, बाबा. माणसासाठी नाही."

इंद्रकुमार वाकून दोघांच्याही पाया पडला. मोनूलाही पडायला लावलं. चारच्या बसने तिघंही गेली. ओमेश्वरीने तांब्यातलं पाणी घेतलं नाही, आणि आम्ही आग्रहही केला नाही, कोणत्या तोंडाने करणार?

त्यानंतर हुकुमचंदाने तीन-चारदा फोन लावला. इंद्रकुमार उचलतो, तब्येत विचारतो, आणि ओमेश्वरीला देतो म्हणतो. ती घेत नाही. मग फोन कटतो. जे विचारायचं ते हुकुमचंदाच्या तोंडून निघत नाही. आता विचारलं तर तेही वहीसाठीच वाटेल, असं तो म्हणतो. आणि ते खरं आहे.

त्या तेरवीच्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तो तसाच पडद्यापुढे बसलेला होता. मी दिवा लावायला उठलो.

"टेकचंद," तो म्हणाला, "तुले तरी जावयाचं कूळ माहीत आहे का गा?"

माझ्या शेतातल्या पंपाची मोटार इंद्रकुमारने दोनदा भरून दिली आहे. दोन्ही वेळा त्याच्या दुकानात बसून मी चहा प्यालो, पाण्यापावसाच्या गप्पा मारल्या. मी म्हणालो, नाही.